दोन घरांची एक ओळ

माझे बाबा आणि आत्या जुळी भावंडं. बाबा दहा मिनिटांनी मोठे, आणि तो मोठेपणा ते जन्मभर मिरवतायत. आत्याने मात्र त्यांना कधी दादा म्हटलं नाही. तीन वर्षांपूर्वी आजोबांच्या आरामखुर्चीवरून दोघांचं वाजलं आणि बोलणंच बंद झालं. खुर्ची शेवटी भंगारात गेली.

आज दोघांचा साठावा वाढदिवस. ज्या बेकरीची वेबसाइट मी सांभाळते, तिथूनच बाबांनी गुपचूप आत्याला केक पाठवला. दुपारी तोच केक आमच्या दारात.

"परत धाडला तिने," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जेवलेही नाहीत. मला आत्याचा असा राग आला की सांगता सोय नाही.

तेवढ्यात बेकरीवाल्यांचा फोन. "ताई, आज सगळे केक पाठवणाऱ्याच्याच घरी जातायत. सकाळी काय घोळ घातलात?"

मी लॅपटॉप उघडला. आमच्या फॉर्मात दोन कप्पे आहेत: पाठवणारा आणि घेणारा. प्रत्येकात नाव, घर, रस्ता. पण सर्व्हरला कप्पे चालत नाहीत. वेबपत्त्याच्या शेवटी, प्रश्नचिन्हापुढे, सगळं एका ओळीत मांडून द्यावं लागतं. मी शहाणीने आज सकाळी कप्पे मोडले आणि कप्प्यांची नावंच टाकून दिली. ओळीत घर दोनदा, रस्ता दोनदा. सर्व्हरने आपलं पहिलं ते, म्हणजे पाठवणाऱ्याचं, उचललं. 'घेणारा.घर' एवढं लिहायला माझे हात मोडले होते? आणि मी तपासलंही होतं, स्वतःच स्वतःला केक पाठवून. तो अगदी बरोबर आला. खाल्लाही मीच.

चूक दुरुस्त केली आणि चुकलेल्या ऑर्डरी काढत बसले. सातवी बाबांची. अकरावी वाचली आणि माझे डोळे भरून आले.

"बाबा, ही आत्याची ऑर्डर. तुमच्यासाठी. तोही केक माझ्या चुकीने तिच्याच घरी गेलाय."

बाबा वळले. "सोबत काही लिहिलंय?"

"'दादा, ती खुर्ची गेली खड्ड्यात. तू ये.'"

बाबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा पुसला, केकचा खोका उचलला आणि चपला शोधायला लागले.

"म्हणजे तीपण जेवली नसेल," ते म्हणाले. "चल लवकर."