मोकळा की रिकामा?

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे. गावात मला डफडं म्हणत, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच नाव गोड वाटतं. अनसिंगजवळच्या एका खेड्यात, मांगवाड्यात, रायभानच्या वडिलांनी लाकडी कड्यावर बकरीचं कातडं ताणून मला घडवलं. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर शेकल्याशिवाय माझा आवाज निघत नसे. एकदा शेकलो की मात्र शेजारच्या गावातले बैलही कान टवकारत.

वडिलांमागे मी रायभानच्या गळ्यात आलो. लग्न असो, पोळा असो, कुणाची मयत असो, वेशीतून हाक आली की रायभान ताटावरून उठायचा. मंडपाच्या कडेला उभं राहून आम्ही वाजवायचो. लोक वाहवा करायचे, पण आत या असं कुणी म्हणायचं नाही. आम्हाला त्याचं काही वाटतही नसे, कारण दुसरं काही असू शकतं हेच ठाऊक नव्हतं.

मग सोनीबाई येऊ लागली. मानोऱ्याकडच्या एका तांड्यातली ही पोर छप्पनच्या, म्हणजे संवत १९५६ च्या (इसवी १९००) मोठ्या दुष्काळात आईबापांना मुकली आणि वाशीमच्या मिशनात वाढली. आता ती गावोगाव फिरून येशूच्या गोष्टी सांगे, भजनं म्हणे. रायभानची बायको भिवराबाई आधी ऐकायला बसली, मग रायभान. पहिल्या रविवारी तो प्रार्थनाघराच्या उंबऱ्याबाहेरच बसला. आत चल म्हटलं तरी त्याचे पाय उचलेनात. शेवटी सोनीबाई बाहेर येऊन त्याच्याशेजारी मातीत बसली. तिच्यामागे सगळी मंडळी आली, आणि त्या दिवशीची प्रार्थना अंगणातच झाली. भिवराबाई ही गोष्ट पुढे पुष्कळदा सांगायची.

हिवाळ्यात दोघांचा बाप्तिस्मा झाला. घरी आल्यावर सोनीबाई रायभानला म्हणाली, "आता तू कोनाच्या हाकेवर बांधला नाहीस, भाऊ. देवानं तुले मोकळं केलं."

रायभाननं मला खुंटीला टांगलं आणि पुन्हा हात लावला नाही. मंडळीतल्या, म्हणजे प्रार्थनाघरातल्या, काहींचं म्हणणं होतं, की देवदेवतांपुढे वाजलेलं वाद्य घरात ठेवूच नये. मी पार गोंधळून गेलो. मी मोकळा झालो होतो की नुसताच रिकामा? रायभान मोकळा झाला तर मग संध्याकाळी त्याची बोटं मांडीवर का वाजत होती? ओलीनं माझं कातडं सैल पडलं, एका कडेला उंदरांनी कुरतडलं. हीच का ती सुटका, असं मला वाटे, आणि मी मनातून रडायचो.

एका सकाळी दौलतराव पाटलांची म्हातारी आई वारली. हाक येणार म्हणून भिवराबाईचा जीव खालीवर होऊ लागला. रायभान गेला तर मंडळी काय म्हणेल? न गेला तर गावात राहायचं कसं? सोनीबाई तेव्हा प्रार्थनेला आमच्याकडेच आली होती. पण हाक आली नाही. पाटील स्वतः आले आणि दारात उभे राहिले.

"मायनं जाताना सांगतलं, मले रायभानच्या डफड्यावरच न्या," ते म्हणाले. "मी हुकूम नाही करून राह्यलो. तुले पुसून राह्यलो."

रायभाननं विचारलं, "अन् मी नाही म्हणलं तं?"

पाटलांनी खाली पाहिलं. "तं नाही. तुयावर राग नाही धरनार."

रायभान सोनीबाईकडे वळला. वाजवलं तर पाप लागेल का, हे त्यानं तिला विचारलं. तिनं खोटा धीर दिला नाही.

"मले खरंच समजून नाही राह्यलं, भाऊ," ती म्हणाली. "पन तुले कोनी बांधलं नाही. त्यायनं नाही अन् आमीही नाही."

रायभाननं डोळे मिटून प्रार्थना केली. मग मला खुंटीवरून काढलं, धूळ पुसली आणि जाळ पेटवला. हळूहळू फिरवत त्यानं मला शेकलं.

त्या दिवशी त्यानं काय वाजवलं, ते मला आजही सांगता येत नाही. ठेका मयतीचाच होता, पण मधेच सोनीबाईच्या भजनाची चाल येत होती. गावकरी एकमेकांकडे पाहू लागले. मीही बावरलो होतो. रायभान मात्र रडत रडत वाजवत होता. आजवर हजारदा त्याच्या काड्या माझ्यावर पडल्या होत्या, पण त्याच्या मर्जीनं त्या दिवशी पहिल्यांदाच पडल्या.

मंडळीत पुढे पुष्कळ वाद झाला. काही रविवार कुणी कुणाशी धड बोललं नाही. तरी रायभानला कुणी टाकलं नाही, आणि हळूहळू मलाही भजनाला आत बसायला जागा मिळाली.

मित्रांनो, आता माझं कातडं फाटलं आहे आणि माझा गोंधळ पुरता मिटलेला नाही. तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर त्याला ओल लागू देऊ नका. आणि कुणाला वाजवायला सांगाल तेव्हा आधी विचारा. तो नाही म्हणाला तर त्याच्याशी अबोला धरू नका.