देवीपाशी ठेवलेला कागद

बस बाप्पा, बस जराशीक. चहा उकळेपर्यंत तुले हरिसिंग बाबाची गोष्ट सांगतो.

रिसोडच्या रस्त्याले त्याचा टिनाचा मंडप, अंगात देवी येते म्हणे. मंगळवारी पाय ठेवाले जागा नसे. एका मंगळवारी तर माही बायको पंचफुला सगळ्याइच्या पुढं उभी. तिच्या लिव्हरमंदला गोळा अर्ध्यावर आल्ता, सोनोग्राफीतच दिसला. बाया तिच्या पाया पडून राह्यल्या, अन् मी वांगे इकणारा माणूस, गळ्यात हार घालून बाजूले.

झालं असं, सहा महिन्याआधी आमी दवाखान्याचा इंग्रजी कागद देवीपाशी ठेवला. तिथला कायदाच तो. बाबा पडद्याआड गेला, घटकाभरानं डोलत आला. "बाई, तू पाळीच्या गोळ्या खाते. देवीले चालत नाही. बंद कर."

याले कसं कळलं म्हणावं! पंचफुला खरंच खाये. मूल नको म्हून पाच साल, अन् घट बसले, लग्न निघालं का पाळी आडवी येऊ नये म्हून पाकिटामागं पाकीट.

बाबाच्या शब्दावर तिनं त्या सोडल्या. आता बाबा म्हणे, गोळा देवीनं खाल्ला, यंदा घटाले खुशाल खा गोळ्या. पंचफुलानं पाकीट आणलं बी.

दवाखान्यातल्या साधना डाक्टरीणबाईले रिपोर्ट दाखवाले गेलो, मिरवालेच म्हण ना. बाई हसल्या. पाकिटाचं ऐकलं अन् हसू गेलं.

"दौलतराव, गोळ्या बंद करा हे मीच त्या कागदावर लिहिलं होतं. तोंडीही सांगितलं होतं. त्या गोळ्यांतल्या हार्मोननं असा गोळा वाढतो. हा कॅन्सर नाही, गोळ्या सोडल्या की बहुतेकदा आटतो. पण परत सुरू केल्या तर वाढेल, आणि पोटात फुटला तर जिवावर बेतेल."

सांगितलं असन तिनं. आमच्या कानात 'गोळा'च्या पुढं काही शिरलंच नव्हतं. पंचफुला तरी म्हणे, बाबाले देवीच सांगते. मंग मी बाईकडून एक कागद इंग्रजीत लिहून घेतला, माह्या नावाचा. काय लिहिलं ते बाईनं आमा दोघाइले वाचून दाखोलं.

मंगळवारी तो देवीपाशी ठेवला. बाबा आत गेला, डोलत आला. "दौलत, देवी म्हणते, वांगं सोड. रोज इहिरीले दहा चकरा मार."

"बाबा," मी म्हटलं, "मले काहीच झालं नाही. डाक्टरीणबाईनं गंमत लिहिली ते. देवीले आमच्या कागदाबिगर काही सुचत नाही का?"

पंचफुलानं पडदा ओढला. आत देवी, माहा कागद, बाबाचा चष्मा, अन् ही जाडजूड इंग्रजी डिक्शनरी. ज्या बाया पाया पडत होत्या त्याच पोट धरून हसू लागल्या. पुढच्या मंगळवारी मंडपात टिनं तेवढे राह्यले.

घटाच्या तिसऱ्याच दिवशी पंचफुलाले पाळी आली. माही माय गुरगुरली. पंचफुलानं दिव्यात तेल घातलं अन् म्हणे, "आत्याबाई, देवी बी बाईच हाय. तिले समजते."

घे, चहा घे. अन् एक काम कर माह्यासाठी. घरी गेला का वैनीले इचार, सणासुदीले कोणत्या गोळ्या खाते. खात असन तर पाकीट घेऊन डाक्टरकडं ने. बाबाच्या सांगण्यानं गोळी चालू करू नको, माह्या सांगण्यानं बंद बी करू नको. डाक्टर काय म्हणते ते पुरतं ऐक, अन् नाही समजलं तर लाजू नको, परत इचार.