मॅनेजमेंटला निरोप

ऑगी पावलिकने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला आणि दोन्ही हातांनी वर्तमानपत्राचं पान जेवणाच्या टेबलावर सपाट केलं. फोनमध्ये क्लबाचं गाणं वाजत होतं. मधूनच गाणं थांबे आणि एक गोड आवाज सांगे की, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे.

"मोलाचा म्हणे," तो बायकोला, लोरेनला म्हणाला. "मोलाचा असता तर उचलला असता मेल्यांनी."

"मग ठेवून दे ना." लोरेन मोरीपाशी भांडी विसळत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "रविवारी आपला रस त्या मुलीला घेऊन येतोय. ते पडदे काढून दे मला, धुवायचेत."

"देतो. आधी ह्यांना धुतो."

पानावर टॉलिव्हरचा फोटो होता. डावखुरा टॉलिव्हर, आमच्या पोर्ट कॅलनच्या शाळेत खेळून मोठा झालेला, बेसबॉल संघातला चेंडू टाकणारा एकमेव पिचर ज्याच्यासाठी माणसं अजून मैदानावर जात. त्याला काल मालकांनी नारळ दिला होता. कारण काय, तर पुनर्बांधणी. हा शब्द आमच्या गावात ऑगीच्या मुलाच्या, रसच्या बाप्तिस्म्याच्या सुमाराला आला आणि तो पोरगा आता लग्नाला आला तरी बांधून काही झालं नाही. उन्हाळ्यात बेसबॉलचे ड्रेजर्स हरतात, थंडीत हेल्मेटवाल्या फुटबॉलचे फोर्जमेन हरतात, आणि दोन्ही संघांचा मालक एकच, हॅलडेन. तो राहतो फ्लोरिडात. इथे येतो तो नव्या, महागड्या खुर्च्यांची फीत कापायला.

मैदानावरच्या ऑगीच्या खुर्च्या जुन्या होत्या, वडिलांच्या वेळच्या, तिसऱ्या बेसच्या मागे. बंदरात खनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवून तो निवृत्त झाला, तेव्हापासून त्याला एकच उद्योग उरला होता. संघ हरला की क्लबाच्या कचेरीत फोन लावायचा. रसला हे ठाऊक नव्हतं. तो वेगळा राहायचा. ऐकावं लागायचं ते लोरेनला.

गाणं बंद पडलं.

"नमस्कार, ग्रेस बोलतेय. तुमचा सभासद क्रमांक सांगता का?"

कचेरीत फोन घेणारी सगळी माणसं अशीच टोपणनावं सांगत. ऑगीने क्रमांक सांगितला. तो त्याला घरच्या पत्त्यासारखा पाठ होता. पलीकडे बोटं खटखट वाजली आणि मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"मिस्टर... पावलीक?" तिने 'ली' भलताच लांबवला.

"पावलिक."

"सॉरी. बोला, मिस्टर पावलीक."

"मला हॅलडेनशी बोलायचंय."

"ते फोनवर येत नाहीत, सर. तुमचा निरोप मी लिहून घेते आणि वर कळवते."

"वर म्हणजे कोणाला? देवाला? बरं, घे लिहून." आणि ऑगी सुटला. टॉलिव्हरला सोडून तुम्ही मिळवलंत काय? तिकडे फोर्जमेनचा तो नवा क्वार्टरबॅक, ज्याला चेंडू आपल्या माणसाकडे फेकायचा असतो एवढंसुद्धा कुणी सांगितलेलं नाही, त्याला कोणत्या आंधळ्याने निवडला? बियर पाणचट केलीत. म्हाताऱ्यांच्या रांगेतला कठडा काढून तिथे जाहिरातीचा फलक लावलात. माझा बाप त्या कठड्याला टेकून मॅच बघायचा.

"मी समजू शकते, सर," ती म्हणाली. "क्लब सध्या पुनर्बांधणीच्या..."

तो शब्द. वरून तिच्या जिभेवर तो असा काही वळला, की ऑगीचं डोकं फिरलं.

"हे बघ पोरी, नीट इंग्रजी बोलता येणारं कुणी आहे का तिथे? की त्यांनाही हाकललं टॉलिव्हरसारखं? बरोबर आहे! स्वस्तातला माल भरायचा. मैदानावरही आणि फोनवरही."

पलीकडे पुन्हा बोटं खटखट वाजली. मग अगदी हळू:

"निरोप घेतला आहे, सर."

लोरेनने नळ बंद केला होता. ती हात पुसत त्याच्याकडे बघत होती.

"काय बोललास तू हे?"

"मॅनेजमेंटला बोललो."

"ती मॅनेजमेंट होती?"

"तिला ऐकून घ्यायचाच पगार मिळतो," ऑगी म्हणाला आणि पडदे काढायला खुर्चीवर चढला. त्याचा कान गरम झाला होता. फोन बराच वेळ दाबून धरल्यामुळे असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डोनटच्या दुकानात धक्क्यावरची जुनी मंडळी जमली तेव्हा त्याने ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. स्वस्तातला माल, मैदानावरही आणि फोनवरही. स्टॅन बोरोव्स्कीला हसता हसता ठसका लागला. "सालटीच काढलीस की त्यांची!" तो म्हणाला, आणि ऑगीची कॉफी त्या दिवशी त्यानेच पाजली.

रविवारी पडदे स्वच्छ होते. लोरेनने कोबीची पानं भरून शिजवली होती, बाजूला लोणी लावलेल्या नूडल्स. फोर्जमेनची मॅच नुकतीच सुरू झाली होती आणि ऑगी टीव्हीचा आवाज कमी करत होता, तेवढ्यात दार वाजलं.

दारात रस, आणि त्याच्या शेजारी फोर्जमेनची जुनी जर्सी घातलेली एक ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची मुलगी. हातात पेरूच्या पेस्ट्रीचा खोका. यारित्सा कोलोन. लहान असताना पोर्तो रिकोहून आईबरोबर आलेली, आता गावाच्या दक्षिण भागात राहणारी. एवढं ऑगीला रसने सांगितलं होतं. कामाचं विचारलं तर "कचेरीत आहे" म्हणाला होता, आणि ऑगीने पुढे विचारलं नव्हतं.

तिने हात पुढे केला.

"तुम्हाला भेटून फार बरं वाटलं, मिस्टर पावलीक."

ऑगीने तिचा हात धरला आणि तसाच धरून उभा राहिला. तोच लांबवलेला 'ली', तोच आवाज.

"अरे, तिला दारातच उभी करणार आहेस का?" आतून लोरेन ओरडली.

यारित्साच्या चेहऱ्यावर ओळखल्याची खूण नव्हती. ती हसत होती, खोका सांभाळत होती. नसेल ओळखलं, ऑगीने मनात म्हटलं. दिवसाला किती म्हातारे खेकसत असतील तिच्यावर. माझा एकट्याचा आवाज कशाला लक्षात राहतोय? पण आवाज ओळखीचा होऊ नये म्हणून त्याने तो वापरायचाच नाही असं ठरवलं. तिने घराचं कौतुक केलं, त्याने मान हलवली. तिने धक्क्यावरच्या कामाबद्दल विचारलं, तो पुटपुटला.

"बाबा, घसा बसलाय का तुझा?" रसने विचारलं.

"हं."

"बसणारच," लोरेन म्हणाली. "ओरडतोय का कमी?"

टीव्हीवर फोर्जमेनला चेंडू फक्त हातभर पुढे न्यायचा होता, आणि प्रशिक्षकाने तो लाथाडून सरळ समोरच्यांच्या हवाली करायला लावला. एरवी ऑगीने उशी फेकली असती. फेकली ती यारित्साने.

"हातभर! हातभर अंतर नाही जमत मेल्यांना!" ती ओरडली आणि लगेच तोंडावर हात ठेवून लोरेनकडे बघू लागली. "सॉरी."

"अगं, आमच्या घरात हीच प्रार्थना आहे," लोरेन खूष होऊन म्हणाली. "चला, पानं वाढते."

पोरगी चांगली होती. हेच तर वाईट होतं. आगाऊ असती, नाक वर करून आली असती, तर ऑगीला जरा सोपं गेलं असतं. पण तिने कोबी दुसऱ्यांदा मागून घेतली, लोरेनला कृती विचारली, आणि टॉलिव्हरचा विषय निघाला तेव्हा म्हणाली की, तो कचेरीत सगळ्यांचा निरोप घ्यायला आला होता. टेलिफोनवाल्यांचासुद्धा. आणखी कुणी असं येत नाही.

"यारी क्लबातच असते ना, बाबा," रस म्हणाला. "फोन घ्यायला. तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. म्हटलं, आधी ती आवडू दे, नाहीतर तिलाच हॅलडेन समजून बसशील." तो हसला, आणि मग त्याचा चेहरा बदलला. "पण लोक काय बोलतात गं तिला, आई! बुधवारचं सांग यारी."

"जाऊ दे रस. जेवताना कशाला?"

"नाही, ऐकू दे ह्यांना. बाबा, तू टीव्हीला शिव्या घालतोस, ठीक आहे. पण बुधवारी कुणी म्हातारा हिला म्हणाला, नीट इंग्रजी बोलणारं माणूस दे. वर म्हणाला, स्वस्तातला माल."

लोरेनचा चमचा नूडल्समध्येच थांबला. तिने ऑगीकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

"संध्याकाळी मी हिच्याकडे गेलो तर ही घराखाली गाडीतच बसून होती. वर जाईना. आणि तेव्हापासून स्वतःच्या आईशी स्पॅनिश बोलत नाहीये. आईला सांगते, घरात इंग्रजीच बोलूया, माझं सुधारायला हवं. तिच्या आईला इंग्रजी येतं किती? ती बिचारी गप्पच बसून असते."

"रस, पुरे," यारित्सा म्हणाली.

"नाव विचारलं तर सांगत नाही मला."

"नियम आहे. फोन करणाऱ्याचं नाव बाहेर सांगायचं नाही."

"नियम गेला खड्ड्यात. नुसतं नाव कळू दे, दारात जाऊन उभा राहतो त्याच्या."

"म्हणून तर सांगत नाही," ती म्हणाली. मग तिने कोबीचं भांडं उचललं आणि पहिल्यांदाच ऑगीकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला वाढू का थोडं?"

ऑगीच्या तेव्हा ध्यानात आलं. सभासद क्रमांक दिला की नाव तिच्यासमोर संगणकाच्या पडद्यावर येतं. ती जी मधे गप्प झाली होती, ते नाव वाचता येईना म्हणून नव्हे. ते नाव तिला पुरतं ठाऊक होतं. रविवारी ह्या माणसाच्या घरी जेवायला जायचंय हे ठाऊक असताना तिने ते सगळं ऐकून घेतलं, निरोप लिहिला, आणि तरी पेस्ट्री घेऊन ती आली होती. रसला एका शब्दाने काही न बोलता.

"नको," तो म्हणाला. आवाज खरंच बसला होता.

"मी हिला म्हणतो," रस बोलतच होता, "सगळे तसले नसतात. माझे बाबा बघ. धक्क्यावर जगभरची जहाजं यायची, नाना देशांची माणसं, निम्म्यांना इंग्रजी यायचं नाही. बाबा कधी कुणाला वाकडा शब्द बोलले नाहीत. खरं ना, बाबा?"

"लोकांचा राग संघावर असतो," यारित्सा घाईने म्हणाली. "माझ्यावर नसतो. मी विसरलेसुद्धा. मिसेस पावलीक, ह्यात बडीशेप घातलीय का?"

ती त्याला वाचवत होती. त्याच्याच घरात, त्याच्याच टेबलावर, त्याच्या बायकोला बडीशेपेबद्दल विचारून. त्याने फक्त खाली मान घालून जेवत राहायचं होतं. लोरेन काही बोलली नसती. ही मुलगी जन्मभर काही बोलली नसती. लग्न झालं असतं, नातवंडं झाली असती, आणि दर नाताळला तिने त्याला असंच भांडं उचलून विचारलं असतं, वाढू का थोडं. ह्या विचाराने त्याला क्षणभर हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

टीव्हीवर मैदानातली सगळी माणसं आपल्याच संघाची हुर्यो उडवत होती.

त्याने काटा खाली ठेवला.

"रस," तो म्हणाला. "बुधवारचा तो म्हातारा मीच."

रस हसला. जोरात, मान मागे टाकून. "काय पण, बाबा!" त्याने टेबलावर थाप मारली आणि अजून हसतच आईकडे पाहिलं, तीही हसत असेल म्हणून.

लोरेन उठली आणि तिने टीव्ही बंद केला.