आनंदाबाईंनी पत्ते पाहिले

आसगावच्या आनंदाबाई तीन पत्ती खेळायला बसल्या की आपले पत्ते कधी उचलतच नसत. न बघता चाल करायची आणि चढवत चढवत समोरच्या बाईचा जीव काढायचा. पैशांनी नव्हे हं, चिंचोक्यांनी! पण चिंचोके हरलेल्या बायकाही अशी तोंडं पाडून घरी जात, की काय सांगावं.

एकोणऐंशीच्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, त्यांच्यासमोर त्यांची सून कुंता बसली होती. तिचा भाऊ भोजराज तिला माहेरी, आंधळगावला न्यायला आला होता. वडील पोळ्यापासून अंथरुणाला खिळलेले. रोज विचारत, कुंता कधी येते? इकडे हलकं धान कापणीला आलेलं, आनंदाबाईंना घरचा एक हात सोडवत नव्हता. सकाळपासून घासाघीस चालली होती. शेवटी त्याच म्हणाल्या, "एका डावात मले हरवलंस तं आठ दिवस जाजो. नाई तं मळणी झाल्यावर."

बाई हट्टी, पण शब्दाची पक्की. कुंता पदर खोचून बसली.

शेजारच्या शकुनबाईंनी पत्ते वाटले, दोघींना तीस-तीस चिंचोके मोजून दिले. आनंदाबाईंनी आपल्या पत्त्यांकडे ढुंकूनही न पाहता तीन टाकले. कुंताला कुठला धीर! तिने पत्ते उचलले.

तीन राण्या! असा हात वर्षातून एखाद्या वेळी लागतो. आणि लगेच ध्यानात आलं, आपण माती खाल्ली. पत्ते पाहणाऱ्याला न पाहणाऱ्याच्या दुप्पट टाकावं लागतं. वर, समोरची पाहत नाही तोवर तिला 'दाखवा' म्हणता येत नाही. आता हातात राण्या असून काय चाटायच्या आहेत?

तिने सहा टाकले. आनंदाबाईंनी सहा टाकले. तिने बारा. आनंदाबाईंनी हसत हसत बारा.

आता हिला चोवीस टाकायचे, आणि उरलेत बारा!

"संपले ना?" आनंदाबाई म्हणाल्या. "ठेव मंग पत्ते खाली."

भोजराज ओसरीवरून पाहत होता. कुंताला वडिलांचा चेहरा आठवला आणि रडू कोसळायला आलं. पण रडून आनंदाबाई बधणाऱ्या नव्हत्या. तिने उरलेले बारा पुढे सारले.

"आत्याबाई, चिंचोके संपले. पुढच्या सालची दिवाळी लावली मी. हरली तं तेव्हाही माहेराचं नाव काढणार नाई."

"अवो मायबाई!" शकुनबाई म्हणाल्या. "पागल झाली का तू?"

"पण मंग तुमीही लावा, आत्याबाई. आठाचे पंधरा दिवस."

आनंदाबाईंचा हात चिंचोक्यांवरच थांबला. चिंचोके उधळायला काय लागतं? चिंचेखाली ढिगाने पडलेले असतात. पण ऐन कापणीत पंधरा दिवस सून नाही म्हणजे कंबर कुणाची मोडणार? त्यांनी कुंताकडे पाहिलं, ओसरीकडे पाहिलं. आणि जन्मात पहिल्यांदा, शो व्हायच्या आधीच, त्यांनी आपले पत्ते उचलले.

बराच वेळ बघत राहिल्या. मग पत्ते उलटे टाकून म्हणाल्या, "पॅक. पंधरा दिवसांनं वापस येजो. पण दाखव तं खरं, काय होतं तुह्याजवळ?"

"पॅक करणाऱ्याले दाखवत नाईत. तुमीच शिकवलं." कुंताने पत्ते बाकीच्या पत्त्यांत मिसळून टाकले.

आनंदाबाईंना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी चिवड्याची पिशवी घेऊन त्या स्वतः एसटीपर्यंत आल्या. "आता तं सांग, पोरी. शपथ हाय तुले."

कुंता खिडकीशी बसली होती. "काई नव्हतं, आत्याबाई. एक गुलाम, एक पंजी, एक दुर्री."

आनंदाबाईंनी कपाळाला हात लावला. "अन् मी जोडी टाकून देल्ली! थांब, पुढच्या साली पाहाजो. शेवटपर्यंत नाई सोडत तुले!"

गाडी गावाबाहेर पडल्यावर भोजराजने विचारलं, "खरंच काई नव्हतं?"

"तीन राण्या होत्या, दादा."

"मंग शपथ घातली तरी खोटं काहून बोलली?"

"खरं सांगितलं असतं तं पुढच्या साली त्या माह्यासंग खेळायले बसल्या असत्या का?" कुंता डोळे पुसत म्हणाली. "मले पुढच्या सालीही बाबाजवळ यायचं हाय."