फुटक्या गोट्यापाशी

दर सोमवारी आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत मी मौन धरते. माझी थोरली लेक ठकी सव्वा महिन्याची असतानाच देवाघरी गेली. मग माणिक पोटात असताना तिच्यासाठी महादेवापुढं धरलेलं हे व्रत. मोडलं तर काय होईल, हे मी मनातसुद्धा पुरतं येऊ देत नाही.

वैशाखातल्या त्या सोमवारी, मौन धरून झाल्यावरच मला कळलं की पूर्णेच्या काठी जायचंय. परमुलखात लढाई लागल्यापासून कापसाला सोन्याचा भाव होता. लोक वाटांच्या कडासुद्धा पेरणीसाठी वखरत होते. आता आमच्या काठच्या पडिताची पाळी. तिथं कमरेइतक्या काळ्या गोट्यांची जुनी रिंगणं आहेत. कोणी मांडली, केव्हा, कुणालाच ठाऊक नाही. गोटे उपटण्याआधी घरच्या बाईनं नारळ ठेवायचा, म्हणून यांनी मला नेलं.

थोरल्या रिंगणाशी मी थबकले. उगवतीच्या फुटक्या गोट्याखाली मामंजींनी ठकीला पुरलं होतं. हे तेव्हा कापसाच्या गाड्यांबरोबर दूर गेले होते. आल्यावर यांनी जागा विचारली नाही, मी सांगितली नाही. मामंजीही आता नाहीत. मी नारळ तिथंच ठेवला, ठकीसाठी.

दीर जानरावांनी शेजारच्या गोट्याखाली पहार घातली. खण्ण झालं. मातीतून काळं-तांबडं मडकं निघालं. आत हाडं, आणि बाळाच्या मनगटाएवढं तांब्याचं कडं.

"दादा, मुर्दा हाये इथं!" भाऊजी मागं सरले.

"हजार वर्साचा मुर्दा तुले खाते का रे?" हे हसले, पण घाम पुसत.

"वहिनी, तुमीच सांगा. थांबू का?"

"आज सोमवार, ते थोडीच बोलते! नारळ ठेवला ना तिनं? मंग झालं."

मी जाऊन फुटक्या गोट्याला टेकून बसले. मान हलवली, हात जोडले.

"भेली मुर्द्याले," हे म्हणाले. "उठ वं मानिकची माय, पहार लागन तुले."

पहार गोट्याखाली शिरली. पाठीमागचा दगड हलला. तोंड उघडलं तर माणिक, मिटलं तर ठकी.

"अवो, थांबा! माही ठकी हाये इथं."

भाऊजींच्या हातून पहार गळली. यांनी गोट्याकडे बघितलं. मग खाली बसून त्यांनी कडं मडक्यात ठेवलं आणि दोन्ही हातांनी माती लोटली.

"जानराव, हे रिंगण सोडून नांगर घाल."

मी थांबले नाही. अनवाणी घराकडे धावत सुटले. माणिक जावेपाशी होती. वाटेतल्या प्रत्येक बाभळीमागून कुणी रडतंय असं वाटे.

माणिक दारात चिंच चोखत उभी होती. मी तिचं कपाळ चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"माय, कावून रडून राहिली वं?"

दिवा लागेपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.