पांगुळगाड्याची करकर

मित्रांनो, मी सागवानी लाकडाचा जुना पांगुळगाडा आहे आणि चालताना करकरतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे मागून कोणी नाक मुरडायला नको. रांगती पोरं माझी दांडी धरून उभी राहतात, मला ढकलतात आणि चालायला शिकतात. तीन चाकं, एक फळी आणि एक दांडी, एवढाच माझा संसार. पण भिलाईच्या कॅम्प-1 मधल्या आमच्या गल्लीतली निम्मी माणसं माझ्याच धाकात चालायला शिकली. आज मोटारसायकलवर ऐटीत जातात, पण एकेकाला मी नाकावर आपटताना पाहिलं आहे.

मला रामाजींनी घडवलं. हथखोजच्या एका कारखान्यात ते ओतकामाचे लाकडी साचे बनवायचे. उरलेल्या सागवानातून त्यांनी आपल्या मुलासाठी, भूषणसाठी, मला केलं. भूषण चालू लागला आणि मी गल्लीचा झालो. मागायला येईल त्याला नाही म्हणायचं नाही, आणि परत देताना मला रिकामं पाठवायचं नाही, अशी रीतच पडली. माझ्या फळीवर गूळ-फुटाण्यांची पुडी यायची. तेव्हाचा माझा तोरा बघायला हवा होता.

मग प्लास्टिकचे रंगीत वॉकर आले. त्यात पोराला बसवतात आणि गाणं वाजतं. गाण्याने कोणी चालायला शिकतं का? पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण. मला कुलरखाली विटांच्या जोडीला लावलं. सात उन्हाळे माझ्या अंगावर पाणी गळलं, कोणी पुसलं नाही.

गेल्या वर्षी भूषणची सहा वर्षांची नीरजा अहिवाऱ्याहून येताना बापाच्या स्कूटरवरून पडली. मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा तो पाय काडीसारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं आहे, आता पायावर भार द्यायला शिकवा. भीतीने पाय उचलूनच धरला, तर लंगडायची सवय जडेल.

भूषण आता बापासारखाच हथखोजला जातो, वेल्डिंग करतो. तो बायकोला, हिराला म्हणाला, "वॉकर कावून विकत घ्याचा? बाबाचा गाडा हाय ना."

त्याने मला कुलरखालून काढलं, पाइप जोडून दांडी नीरजाच्या छातीपर्यंत उंच केली, बूड रुंद केलं. नीरजाने मला ढकललं आणि मी सात वर्षांनी तोंड उघडलं. करकर, करकर. गल्लीभर ऐकू गेलं.

भिंतीपलीकडून अंजनाबाई म्हणाल्या, "काय वं हिरा, नवीन बाळ झालं का घरी? आमाले पेढा नाही भेटला."

हिरा हसली नाही. सहा वर्षांची पोर पांगुळगाड्यावर, हे तिला आधीच सलत होतं. शिवाय पोरीला मला ढकलताना घाम फुटायचा, तेही बघवत नव्हतं. संध्याकाळी तिने नवऱ्याचा ग्रीसचा डबा काढला आणि माझ्या तिन्ही चाकांना बोटभर ग्रीस फासलं. भिलाईची माणसं अशीच. चाक दिसलं की ग्रीस लावतील.

सकाळी नीरजाने माझ्यावर भार टाकला आणि मी सर्रकन पुढे पळालो. मित्रांनो, मला थांबता आलं नाही. पोर गुडघ्यांवर आपटली. लागलं थोडंच, पण भीती पुरती बसली. दहा दिवस तिने मला हात लावला नाही. पलंगावर बसून पाय पोटाशी घेऊन म्हणायची, "मेरे को नहीं चलना." हिरा तिला कडेवर घेऊन न्हाणीत न्यायची आणि दार लावून घ्यायची. बाहेर आली की डोळे लाल असायचे.

व्यायाम करवायला प्रणिता मॅडम घरी यायच्या. गावाहून परतल्या तेव्हा त्यांना हे कळलं. त्यांनी मला उलटं केलं, चाकाला बोट लावलं. बोट काळं झालं.

"हे कोणी केलं?"

"मीच," हिरा म्हणाली. "पोरीले जड जाऊन राहिलं होतं, मॅडम."

"जड जायलाच हवं, ताई. जोर गाड्याने लावायचा की पायाने? जेवढा हा अडेल तेवढा तिचा पाय भरेल. धुवून काढा सगळं. आणि ती चालताना तुम्ही स्वयंपाकघरात बसा. तुम्ही 'अगं बाई' करता, आणि ती थांबते."

हिराने मला नळाखाली नेलं. रॉकेलने पुसलं, सोड्याने घासलं, नखांत काळं जाईपर्यंत घासलं. अंजनाबाईंनी भिंतीवरून मान वर केली, तशी हिरा म्हणाली, "मावशी, उद्यापासून लय करकर होईल. कानात कापूस घालजा."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नीरजाला दोन पावलं चालवलं. मग चार. मग अंगणाची अर्धी वाट. हिरा आत लसूण सोलत बसायची. तिचा जीव माझ्या आवाजात अडकलेला. करकर झाली की एक पाकळी सोलायची. थांबली की हात थांबायचा, पुन्हा झाली की श्वास सुटायचा.

दीड महिना असा गेला. एका सकाळी मॅडम अजून यायच्या होत्या, पण नीरजा आधीच सुरू झाली होती. करकर, करकर, आणि मी गप्प झालो. हिराने वाट पाहिली. पाकळी हातातच राहिली. मग ती ओच्यातला लसूण सांडत धावली.

मी नळापाशी उभा होतो, एकटा. नीरजा सहा पावलं पुढे, फाटकाची कडी धरून, दोन्ही पाय जमिनीवर.

"आई, गाडा बहुत धीरे चलता है. म्हणून मी पुढे आली."

हिरा तिथेच ओल्या फरशीवर बसली. मग म्हणाली, "अन् चप्पल कावून नाही घातली पायात?"

आता मी दोन गल्ल्या पलीकडे सीमाच्या घरी आहे. तिच्या पोराचाही पाय मोडला होता. हिराने मला तिच्याकडे दिलं तेव्हा फळीवर स्वतःच फुटाण्यांची पुडी ठेवली आणि बजावलं, "ग्रीस लावशीन तर माझ्याशी गाठ हाय."

मित्रांनो, मला पुसा, ऊन-पाण्यातून आत घ्या, एवढं मागतो. पण माझं तोंड बंद करू नका. कुणाच्या अंगणातून करकर आली तर हसू नका, थोडं थांबून ऐका. ती बंद झाली की फाटकाकडे बघा.