नऊ मिनिटं पुढे

काचेवर एक तिरका तडा होता आणि त्याखालून सेकंदकाटा नेमाने जात होता... दिपमाला त्याच्याकडेच बघत राहिली, कारण पडद्याकडे बघायची आता तिला धास्ती वाटत होती. घड्याळ लोटननानांच्या मनगटावर, आणि मनगट तिच्या खुर्चीच्या पाठीवर. गप्प राहून मागे कसं उभं राहावं, ते नानांकडून शिकावं.

पडद्यावर तेच – पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही. केळीच्या रोपांच्या त्या प्रयोगशाळेत साठ माणसं सकाळपासून हात बांधून बसली होती. बाहेरच्या जगाशी तारच न जोडलेलं हे नेटवर्क. इथे कोण कोण काम करतं, कुणाला काय उघडायची मुभा, ते सगळं एका सर्व्हरच्या पोटात. जुना सर्व्हर नानांनी चौदा वर्षं सांभाळला होता. नवा तिने बसवला होता, एकेक फाईल डिस्कवरून आत आणून, पंधरा दिवस पिंप्राळ्याच्या घरून आणलेला डबा तसाच परत नेत. बारापर्यंत चालला नाही तर जुनाच लावू, प्रयोगशाळेचे प्रमुख अर्हमसाहेब सांगून गेले होते. तिचा करार शुक्रवारी संपत होता.

नानांनीच काही केलं असेल – हा विचार आला, आणि आला तो ठाण मांडून बसला. दोन महिन्यांत निवृत्त होणारा माणूस, हातचं यंत्र काढून घेतलेलं... मीसुद्धा केलं असतं कदाचित.

मग सर्व्हरच्या नोंदींमध्ये तिला एक ओळ दिसली. वेळेत फरक. दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त अंतर पडलं की नवा सर्व्हर कुणालाच ओळख देत नाही, हे ती शिकलेली होती आणि विसरलीही होती. साठही संगणक नऊ मिनिटं पुढे होते. नव्याची वेळ तिने दाराशी मोबाईल जमा करताना बघून, अचूक लावली होती. मग ही नऊ मिनिटं –

दर सोमवारी. चष्मा कपाळावर चढवून, मनगट बघून नाना जुन्या सर्व्हरची वेळ लावत, आणि साठही संगणक तीच उचलत. तिने चहाच्या वेळी त्यांची नक्कलसुद्धा केली होती...

"नाना, तुमचं घड्याळ पुढे आहे का?"

नाना तड्यावरून अंगठा फिरवत राहिले. धरणगावहून सकाळची बस रोज चुकायची, असं काहीसं ते पुटपुटले. "भागाबाईनी पुढे करेल शे, पोरी. मी मांगे करं नही."

नानांच्या बायकोला, भागाबाईंना, जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं साठ माणसं त्यांच्या वेळेवर येत होती, जात होती, रोपांच्या नोंदी करत होती. कुणाला कळलंही असेल, पण कुणी बोललं नव्हतं. आणि आपण या माणसावर संशय घेतला. दिपमालाला स्वतःची फार लाज वाटली.

नवा सर्व्हरही नऊ मिनिटं पुढे केला की सगळे आत येतील. रोपांच्या नोंदींतल्या वेळा खोट्या राहतील, हेही खरंच... पण दर सोमवारी एकच मिनिट मागे घेतलं तर? तेवढं कुणाला बोचणार नाही.

"नाना, वेळ सांगा."

त्यांनी सांगितली. तिने लावली. पलीकडच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कुणीतरी हसलं.

बाराच्या सुमारास अर्हमसाहेब आले, आणि चूक कुणाची, ते त्यांनी विचारलं. नाना खाली बघत होते.

"माझी, साहेब. मी वेळ चुकीची लावली होती."

त्या इमारतीत तेवढी एकच वेळ बरोबर होती. साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं आणि ते निघून गेले. काय लिहिलं असेल याचा विचार करायचा नाही, असं तिने ठरवलं, आणि ती करत राहिली.

मग तिने सोमवार मोजले. निवृत्तीपर्यंत नानांचे आठ उरले होते आणि मिनिटं नऊ. म्हणजे शेवटचं मिनिट तिला एकटीलाच मागे घ्यावं लागणार... तोवर ती इथे असलीच तर. आणि असली, तरी ते तिच्याच्याने घेववेल का, हे आता तिला सांगता येईना.